पाटी नंबर दोन

मे संपत आला की आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी सुरू होते. सुकट, आमसुलं, फणसाच्या साटा, पडवीत लाकडं, आणि त्यात आता माझे पुस्तकं वाचायचे दोन जादाचे ई-रीडर. आई त्यांना पाट्या म्हणते. "वाचणारा तू एकटा, पाट्या तीन कशाला रे?"

आता काय सांगू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ येऊन गेलं आणि आमच्या दापोलीकडे कितीतरी दिवस लाईटच नव्हती, फोन दुसऱ्या दिवशीच मेला, रीडर मात्र चालूच, कारण त्याच्या ई-इंकच्या स्क्रीनला वीज लागते ती पान बदलताना, नुसतं पान दिसत राहायला काही लागत नाही. आणि कागदी पुस्तकांचं म्हणाल तर जुलैत बुरशी, उरलंसुरलं कसरीला.

म्हणून सेकंडहँड दोन घेऊन ठेवले. गेल्या वर्षी पाटी नंबर एक गेली, मी ऐटीत कपाटातून नंबर दोन काढली, तर ती आधीच गेलेली! न वापरता! स्क्रीनवर रिकाम्या बॅटरीचं चित्र, आणि ते चित्र दाखवायला मात्र बॅटरी लागत नाही, बोला. लिथियमची बॅटरी पार उतरलेली तशीच पडून राहिली की बऱ्याचदा पुन्हा चार्जच घेत नाही, त्यात आपला उकाडा. आता सुकटीला ऊन दाखवतात तसं नंबर तीनला दर दोन महिन्यांनी चार्जर दाखवतो, निम्म्यापर्यंतच, फुल्ल करून ठेवणंही तिला सोसत नाही.

राग येतो तो वेगळाच. स्क्रीन ठणठणीत, बटणं ठणठणीत, गेली ती एवढीशी बॅटरी आणि ती आत गोंदाने चिकटवलेली. नोकिया ११०० चं झाकण नखाने निघायचं, बीएल-५सी बॅटरी कुठल्याही मोबाईलवाल्याकडे मिळायची. अहो, २००७ च्या पहिल्या किंडल रीडरचीसुद्धा बॅटरी घरी बदलता यायची! म्हणजे येत होतं की करता. युरोपात आता १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी गिऱ्हाईकाला स्वतः काढता येईल अशीच द्यायची, असा कायदा लागू होतोय. बघू, आपल्याकडे कधी पोचतंय.

तोवर बाजारपेठेतल्या मोबाईलवाल्याने गरम हवा मारून नंबर दोन उघडली, मापाची बॅटरी मागवून बसवली. चालते मस्त. फक्त झाकण नीट बसत नाही, म्हणून रबरबँड लावलाय.

आई बघून म्हणाली, "आता कशी आपल्या रेडिओसारखी दिसते."