तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीवाल्याला पियानो कशाला?

"गुरुजी, तुमी पेटीवाले. रात्री ते इंग्रजी वाजवणं कायले आयकत बसता?" पारावर, एसटीत, भजनाच्या बैठकीत हे मला इतक्या जणांनी विचारलंय, की एकदा नीट सांगतोच.

ते इंग्रजी नाही. वाजवणारा स्वियातोस्लाव रिख्तर, सोव्हिएत देशातला. जन्म 1915 चा, गेला 1997 साली. मी मोझरीच्या आसपासच्या गावांत चाळीस वर्षं खंजिरी भजनाला पेटीची साथ करतो. मुलाला नोकरी लागल्यावर त्यानं मला मोबाइल घेऊन दिला, आणि एका रात्री हे ध्वनिमुद्रण लावून दिलं. फेब्रुवारी 1958, बल्गेरियातलं सोफिया शहर. आपल्याकडे माघाच्या थंडीत मंडपात लोक खोकतात ना, तसे तिथेही खोकताहेत. त्या खोकल्यातूनच मुसोर्गस्की या रशियन संगीतकाराची रचना सुरू होते. चित्रकार मित्र गेला, त्याच्या आठवणीत 1874 साली त्यानं ती केली. आधी एकच ओळ येते, उघडी, खाली कसलाही आधार नाही. ती संपते न संपते तोच तीच ओळ पुन्हा, दोन्ही हातांनी, भरगच्च. मी बाजेवर उठून बसलो.

पेटीवाल्याला पियानोचं मोल जरा जास्तच कळतं, असं मला वाटतं. आपला भाता चालू आहे तोवर सूर उभा राहतो. तिथे पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर पडते, लगेच मागे येते, आणि त्याच क्षणापासून सूर विझायला लागतो. एकदा निघालेला सूर मोठा करता येत नाही. पट्टी धरून ठेवली, पायाखालचं पेडल दाबलं, तर तो थोडा टिकतो, एवढंच. अशा 88 पट्ट्या. प्रत्येकीचा सूर विझतोय, आणि रिख्तर त्यातून अखंड गाणं उभं करतो. लोक त्याच्या बोटांच्या वेगाचं कौतुक करतात. मी मात्र ऐकतो ते एक सूर विझत असताना दुसरा तो किती हळुवार खाली ठेवतो ते.

हा माणूस बराचसा आपल्या आपणच शिकला. वडील ऑर्गन वाजवायचे, त्यांच्याकडून सुरुवात झाली. मग ओडेसाच्या ऑपेरात गायकांच्या तालमींना साथ करायची नोकरी. साथ! हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मॉस्कोला हाइनरिख नॉयहाउस या पियानोच्या गुरूंकडे तो शिकायला गेला 1937 साली, बाविसाव्या वर्षी. 1960 मध्ये अमेरिकेत कार्नेगी हॉलला वाजवलं, जगभर नाव झालं.

पण माझं मन बसलं ते पुढच्या गोष्टीवर. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ तेराव्या शतकातलं धान्याचं एक मोठं कोठार आहे. ते त्याला आवडलं, आणि 1964 पासून त्यानं तिथे संगीताचा उत्सवच सुरू केला. मग 1986 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तो सायबेरियाच्या दौऱ्यावर निघाला. सहा महिन्यांत सुमारे 150 कार्यक्रम केले, त्यांतले काही अशा गावांत जिथे सभागृहसुद्धा नव्हतं. पियानो सोबत होता. सभागृहातला मोठा पियानो पाचेक क्विंटलचा असतो. माझी पेटी मोटरसायकलच्या कॅरिअरवर बसते, तरी पावसाळ्यात नको वाटतं.

एकदा जिनिंगच्या शेडमध्ये आमचं भजन होतं, शेजारी सरकीचा ढीग. ऐन रंगात पंचम गेला. पट्टी दाबतोय, नुसती हवा. सुराच्या पितळी पत्तीत कापसाचा तंतू अडकला होता. तेवढ्यात लाइनही गेली. एका पोरानं मोबाइलची बॅटरी धरली, मी पेटी उघडली, पत्तीखालून पातळ कागद हलकेच फिरवला, आणि पंचम बोलला. सारी शेड अंधारात होती, उजेड फक्त पेटीवर. रिख्तर उतारवयात असाच वाजवायचा: सभागृह काळोखात, समोरच्या कागदावर एक छोटा दिवा. लोकांनी वाजवणाऱ्याचं तोंड बघू नये, गाणं ऐकावं, म्हणून. कुणी त्याला तऱ्हेवाईकपणा म्हणत असेल. त्या रात्री मात्र आमच्या लोकांनी जसं ऐकलं, तसं पुन्हा कधी ऐकलं नाही.

परवा शेजारच्या काकाजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी ओट्यावर जागा करून दिली आणि इअरफोनची एक कडी त्यांच्या कानात घातली. पहिली ओळ झाली, मग ती भरगच्च ओळ आली. काकाजींनी मान वर केली.

"हे तं बुवानं म्हटलं, अन् मांगच्यायनं धरलं."

ते मांडीवर ठेका धरू गेले, पण तिथे एकदा पाच मात्रा, एकदा सहा. हात अडला. त्यांनी डोळे मिटले.

"पुन्हा एक डाव लावा बरं, गुरुजी."