चोपन्न टक्के

आज परत टेनिसपटू रॉजर फेडररचं ते भाषण ऐकलं, जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदानाला केलेलं. आधीही ऐकलं होतं, पण काल मॅच हरले म्हणून असेल, आज तो ५४ टक्केवाला भाग आत जाऊन बसला. सिंगल्सच्या १५२६ मॅचेस खेळला, जवळजवळ ८० टक्के जिंकला, आणि पॉइंट किती जिंकले तर फक्त ५४ टक्के! वीस ग्रँड स्लॅम जिंकलेला माणूस आणि जवळपास दर दुसरा पॉइंट हरायचा.

काल मी ५-२ वर होते, सर्व्हिस माझी, आणि एक डबल फॉल्ट गेला, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकल्या आणि पॉइंट फुकट गेला. एकच. पण तो डोक्यातून हलेचना, पुढच्या सर्व्हला बॉल वर टाकताना तोच, रिटर्नला उभी राहिले तरी तोच, हात आखडला, सेकंड सर्व्ह नुसती ढकलत राहिले आणि सेट ५-७ गेला. समोरची मुलगी चांगली खेळली पण तिला वाट मीच करून दिली.

फेडरर म्हणतो पॉइंट चालू असताना जगात त्याच्याएवढं महत्त्वाचं काही नाही, आणि झाला की झाला, सोडायचा. हे सांगणारा माणूस तरुणपणी रॅकेटी आपटायचा, कोर्टवर चिडायचा, म्हणून मला ते जास्त पटतं. लोक त्याच्या खेळाला सहज म्हणायचे, ते त्याला कधी आवडलं नाही, तो शांतपणा त्याने वर्षानुवर्षं घासून कमावलाय.

पण मग २०१९ ची नोव्हाक जोकोविचविरुद्धची विम्बल्डन फायनल आठवते आणि अजूनही पोटात कालवतं. पाचवा सेट, ८-७, ४०-१५, सर्व्हिस त्याची, दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे दोनातला एक जिंकला की विजेतेपद त्याचं. पहिल्यावर फोरहँड बाहेर गेला, दुसऱ्यावर तो नेटकडे आला आणि जोकोविचने त्याच्या बाजूने तिरका, क्रॉसकोर्ट पास मारला. त्या मॅचमध्ये फेडररचे पॉइंट २१८ आणि जोकोविचचे २०४, चौदा पॉइंट जास्त जिंकून हरला तो, कारण तिन्ही टायब्रेक, म्हणजे सेट बरोबरीत अडकला की निकालासाठी खेळतात ते गेम, जोकोविचने घेतले. त्यामुळे मला वाटतं सगळे पॉइंट एका वजनाचे नसतातच, टेनिसचं स्कोअरिंगच तसं आहे. आणि जो सगळ्यात जड तोच सोडून द्यायचा, हे खरं अवघड. मला तर साधा डबल फॉल्ट सोडता आला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या बासेलची स्पर्धा जिंकला, स्वतःच्या गावात, दहाव्यांदा, वयाच्या ३८ व्या वर्षी. जुलैमधलं ते ४०-१५ त्याच्या मनातून पूर्ण गेलं असेल असं मला नाही वाटत. तरी सर्व्हिस करत राहिला.

उद्या फक्त सेकंड सर्व्ह. दोन बास्केट भरून बॉल. डबल फॉल्ट झाला की पाठ फिरवून बेसलाइनपासून चार पावलं मागे जायचं, रॅकेटच्या तारा सरळ करायच्या, श्वास घ्यायचा, मगच पुढचा बॉल हातात.