तीनपैकी कुठली?

वैमानिक बिघाड नोंदवतात त्या टेक लॉगमध्ये एकच ओळ होती. उतरताना ढगांत ‘चेक ॲटिट्यूड’चा इशारा आला, काही सेकंदांत आपोआप गेला. खाली कॅप्टनची सही. मुंबईतली जुलैची रात्र, विमान उभं असलेल्या बेवर घोट्याएवढं पाणी आणि पहाटे साडेचारला हेच विमान फुल्ल भरून निघायचं होतं.

विमान किती कललंय यावर कॅप्टन आणि को-पायलटच्या पडद्यांचं जुळत नाही, असा त्या इशाऱ्याचा अर्थ. माहिती पुरवणाऱ्या पेट्या तीन. त्यातली एखादी खोटं बोलतेय, पण कुठली? टेस्ट घेतली, तिन्ही चोख. पुन्हा घेतली, तरी चोख.

‘ग्राउंड टेस्ट ओके’ लिहून मोकळं होता आलं असतं. नाहीतर एक पेटी बंद दाखवून एमईएलखाली, म्हणजे काय बंद असतानाही उडता येतं त्या यादीखाली, सोडायचं; ठरावीक अटींवर नियम तेवढं चालवून घेतो. ड्युटी मॅनेजरचा दर दहा मिनिटांनी फोन. मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन्स मिळून मला जेमतेम वर्ष झालेलं. पेनाचं टोपण मी काढलंसुद्धा होतं.

“बंद कुठली दाखवणार?” शिफ्ट इनचार्ज सरांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर १९७८ साली सांताक्रूझला अप्रेंटिस होते. त्या १ जानेवारीच्या रात्री एअर इंडियाचं जम्बो, ‘एम्परर अशोक’, दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ माणसं. कॅप्टनचा एडीआय, म्हणजे विमानाचा कल दाखवणारी तबकडी, उजव्या कलावरच अडकली होती. सरांनी हातातली टॉर्च तिरकी धरली. “विमान सरळ झालेलं, पण हा म्हणतोय अजून उजवीकडेच आहे. मग माणूस काय करणार? डावीकडे घेणार. अजून डावीकडे.” खाली काळं पाणी, वर काळं आभाळ, खिडकीतून बघावं तर क्षितिजच नाही. को-पायलट म्हणाला, माझाही बिघडलाय. फ्लाइट इंजिनिअरने तिसऱ्या तबकडीकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता.

मग सर १९६६ वर घसरले. आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळलेलं एअर इंडियाचं विमान ‘कांचनजंगा’. बैरूतहून सुटतानाच दोनपैकी एक व्हीओआर रिसीव्हर, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून दिशा सांगणारं यंत्र, बंद होता आणि ते कॅप्टनला माहीत होतं. जिनिव्हाच्या कंट्रोलरने रडारवर बघून जागा सांगितली, ती नीट उमजली नाही. डोंगर मागे पडला असं समजून विमान खाली येत राहिलं. ११७ जण गेले, त्यात होमी भाभा. त्या अपघातामागच्या कटाच्या गोष्टी लोक अजून चवीने सांगतात. बंद रिसीव्हर कुणाला आठवतो?

मी टोपण परत लावलं.

नाकाखालच्या इलेक्ट्रॉनिक्स बेमध्ये आम्ही दोघं वर चढलो. पहिली पेटी ओढून काढली आणि रॅकच्या मागच्या कनेक्टरवर टॉर्च मारला. पिनांच्या दाट रांगा. एका पिनेच्या बुडाशी हिरवट ठिपका, मोहरीएवढाही नसेल. रॅकच्या कडेवरून बोट फिरवलं तर ओलं लागलं. वर पुढची गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर. तिथला पाण्याचा एक जॉइंट झिरपत होता. उतरताना नाक खालीवर होऊन पाणी कनेक्टरपर्यंत ओघळत असावं; विमान जागेवर उभं असलं की सगळं चोख.

गळती, कनेक्टर, नवी पेटी, पुन्हा टेस्ट. विमान साडेअकराला सुटलं. तोवर प्रवाशांनी काउंटर डोक्यावर घेतला होता आणि त्यांचं काही चुकत होतं असं नाही. पहाटेपासून त्यांना फक्त ‘तांत्रिक कारण’ ऐकवलं जात होतं.

दोन दिवसांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला: एमईएलखाली का सोडलं नाही? मी पानभर लिहिलं, हिरव्या ठिपक्याचं कौतुक धरून. सरांनी ते वाचलं आणि एक वाक्य ठेवून बाकी सगळं खोडलं. राहिलं ते एवढंच: “साडेचार वाजता कुठली पेटी चुकतेय हे मला माहीत नव्हतं.”