एक घास खाल्ला तर काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, बारशाला, सत्यनारायणाच्या शिऱ्यापाशी, सगळीकडे हाच प्रश्न येतो. "एक घास खाल्ला तर काय होतं?" आजवर मी हसून वेळ मारून नेली.

मला सीलिअॅक आहे. गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं आणि आतल्या अस्तरावरचे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. अन्नातलं लोह तिथेच शोषलं जातं. म्हणून मी तीन वर्षं लोहाच्या गोळ्या घेत होते आणि हिमोग्लोबिन आठच्या वर सरकत नव्हतं. तेव्हा सगळे म्हणायचे, ॲसिडिटी आहे, काळजी करू नकोस.

यात माझीही एक चूक झाली, तीही सांगते. कुणीतरी सुचवलं म्हणून मी आधी स्वतःच गहू सोडला आणि मग रक्त तपासलं. अहवाल अर्थातच स्वच्छ आला. या आजारात रक्तात ज्या अँटिबॉडी वाढतात, त्याच या तपासणीत बघतात. गहू खाणं बंद केलं की त्या हळूहळू उतरतात, तपासणी फसते. पुढे कित्येक आठवडे रोज पोळी खायची, मग पुन्हा रक्त, मग एंडोस्कोपी. तुम्हाला शंका असेल तर आधी तपासणी करा, पथ्य नंतर. एवढं तरी ऐका.

आता आत्येची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीची गणेशचवथ, गोव्यात फोंड्याजवळचं आमचं मूळ घर. गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधलेली, आरती झालेली. आत्ये स्वयंपाकघरातून केळीच्या पानाचा तुकडा घेऊन आली. त्यावर चार नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या. "तुझ्यासाठी गो, तांदळाच्या पिठाच्या. बाकीच्यांच्या डब्यात घातल्यासुद्धा नाहीत." तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, लाटताना ते तुटतं. कडा फुटलेल्या, आतलं चून, म्हणजे सारण, बाहेर येऊन तेलात करपलेलं, एकीची कड तिने बोटाने दाबून पुन्हा जुळवलेली दिसत होती. सत्तरी ओलांडलेली बाई पहाटेपासून चुलीपुढे होती.

मी विचारलं, "आत्ये, तेल वेगळं होतं?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "आधी गव्हाच्या तळल्या, मग त्याच तेलात तुझ्या. तेलात काय असतं?"

तेलात गव्हाच्या पिठाचे कण असतात. आपल्याकडे पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट मी तिला तिथे, सगळ्यांसमोर सांगायला गेले. काका म्हणाले, "देवाचा प्रसाद आहे. एक घास खाल्ला तर काय होतं?" मी नाही खाल्ला. आत्येने काही न बोलता पान दुमडलं, आत गेली आणि जेवणं होईपर्यंत बाहेर आली नाही.

घरी येताना मी स्वतःला बजावलं की बरोबरच केलं. आजही तेच म्हणते. पण निदान झाल्यावरचं पहिलं वर्ष आठवतं. संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की मी गुपचूप अर्धी पोई खायचे. पोई म्हणजे गव्हाचा पावच. पोटात काही होत नव्हतं, म्हणून वाटायचं, मला चालते. वर्षाने तपासलं तर अँटिबॉडी अजून वरच होत्या. दुखत नाही म्हणजे इजा होत नाही, असं नसतं, हे मला तो कागद हातात आल्यावर समजलं. तेव्हा पोईसाठी मी आतडं पणाला लावलं, आणि आत्येच्या एका नेवरीसाठी नाही? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुम्ही म्हणाल, मग गोव्यात अडतं कुठे? उकड्या तांदळाची पेज आहे, नाचणीचं तिजान, सान्नां, पातोळ्या, खतखतं. खरं आहे. पण खतखत्यात हिंग पडला तर डबी आणून दाखवा म्हणावं लागतं, कारण बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. तळलेल्या मासळीला रवा असतो. लोकांच्या घरी जाऊन डब्या वाचणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

परवा आत्येचा फोन आला. "चवथीला येशील ना?" एवढंच विचारलं, नेवऱ्यांचं काही काढलं नाही. मी म्हटलं, येते. नवी कढई आणून ठेवली आहे, पण ती तिच्या स्वयंपाकघरात कोणत्या तोंडाने न्यायची, ते अजून ठरत नाही.