तुम्ही विचारलेत म्हणून: गोवा सोडून क्राबीला का गेलो

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, खानापूरच्या बसमध्ये मला एकच प्रश्न विचारला जातो: चोर्ल्याच्या घाटाने तीन तासांत गोव्याचा समुद्र गाठता येत असताना कडे चढायला थायलंडला कशाला गेलात, आणि स्वस्तात जायच्या नादात मामेभावाचा पाय का मोडून आणलात? पहिल्या भागाचे उत्तर मी आनंदाने देतो आणि दुसरा भाग टाळतो, म्हणून आज दोन्ही एकदाच लिहितो आहे.

आम्ही दोघे बदामीच्या लाल वालुकाश्मावर शिकलो. तिथे बोटांना आडव्या, धारदार कपारी मिळतात, आणि उन्हाळ्यात खडकाला हात लावणे कठीण होते. क्राबी प्रांतातला राइले हा भाग मुख्य भूमीलाच जोडलेला आहे, पण चुनखडीच्या कड्यांनी तो असा अडवला आहे की तिथे होडीनेच पोहोचावे लागते. कडे थेट वाळूतून उठलेले आहेत, पाण्याने विरघळून त्यांना खळगे पडले आहेत, आणि छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या खांबांना मिठी मारून वर सरकता येते. असा खडक मी आजवर हाताळला नव्हता. शेजारच्या टोनसाय खाडीत बांबूची खोपटी स्वस्त मिळत, ओहोटी असली की खडकांवरून चालत राइलेला जाता येई आणि भरती असली की जंगलातल्या वाटेने. गाइड घेतला नाही, साहित्य भाड्याने घेतले नाही. दोर घरचाच नेला. या काटकसरीचा मला तेव्हा अभिमान होता, आणि खोपट्याच्या बाबतीत तो आजही आहे.

निघण्यापूर्वी मामी काळजीत होती. तिला मी समजावून सांगितले होते की समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत चुनखडीत दोर अडकवण्यासाठी बसवलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा वरून धड दिसत आतून तडकतात, म्हणून तिथल्या चढणाऱ्यांनी अनेक मार्गांवर जुने बोल्ट बदलून टायटॅनियमचे बोल्ट चिकटवून बसवले आहेत. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. बोल्ट निसटला नाही, खडकही सुटला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही 30 मीटरचा एक मार्ग निवडला. आमचा दोर 60 मीटरचा, म्हणजे वर जाऊन खाली यायला बरोबर पुरणारा, असा हिशेब मी मोठ्याने बोलूनही दाखवला. पण आधीच्या वर्षी बदामीत झिजलेली दोन्ही टोके मीच सुरीने कापली होती. दोर आता 57 मीटरचा होता, हे मला माहीत होते आणि त्या क्षणी आठवले नाही. मामेभाऊ सुरेख चढला, दोर ज्यात ओवतात त्या वरच्या अँकरवर पोहोचल्यावर हसला आणि त्याने हाक दिली, ‘दादा, सोड.’ मी बिले डिव्हाइसमधून, म्हणजे कमरेला अडकवलेल्या, दोर धरून ठेवणाऱ्या साधनातून, दोर सोडत होतो आणि माझी नजर त्याच्याकडे, वर होती. दोराच्या माझ्याकडच्या टोकाला गाठ नव्हती. ती मारायला पाच सेकंदही लागत नाहीत. तो जमिनीपासून तीन मीटरांवर असताना दोराचे टोक माझ्या मुठीतून आणि डिव्हाइसमधून निघून गेले. तो वाळूत पडला असता तर बरे झाले असते, पण तो वाळूच्या कडेच्या पायरीसारख्या खडकावर पडला. घोट्याचा आवाज मला ऐकू आला. ओहोटीमुळे होडी किनाऱ्याला लागत नव्हती, तेव्हा शेजारी चढणाऱ्या चौघा अनोळखी माणसांनी आणि मी त्याला गुडघाभर पाण्यातून, टोकदार खडकांवरून होडीपर्यंत उचलून नेले. त्या वाटेत तो मला दोनदा म्हणाला, ‘तुझा दोष नाही.’ मी उत्तर दिले नाही.

तुम्ही म्हणता, स्वस्तात गेलात म्हणून हे झाले. मी अनेक वर्षे उलट वाद घातला की गाठ फुकट असते, ती न मारणारा माणूस पंचतारांकित हॉटेलात उतरला असता तरी हेच घडले असते. हा युक्तिवाद मला अजूनही पटतो. तरीही तिथे 70 मीटरचा दोर भाड्याने मिळत होता, मी त्याची किंमत विचारली होती, आणि ‘घरचा आहे की’ म्हणून परत फिरलो होतो. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते. तेव्हा काटकसर दोषी नव्हती असे म्हणायला मी बसलो की तो दुकानाचा उंबरठा आठवतो, आणि ती दोषी होती असे मान्य करायला गेलो की सुटे टोक आठवते.

मामीने हा प्रश्न मला कधीच विचारला नाही. मागच्या दिवाळीला मामेभाऊ म्हणाला की या वेळी 70 मीटरचा दोर तो स्वतः घेणार आहे, तारीख मी सांगायची. घोटा त्याला थंडीत अजून दुखतो. मी तारीख सांगितलेली नाही, आणि जुना दोर माळ्यावरून काढून टाकलेलाही नाही.