इम्पाला, नोंद सातवी : कन्व्हर्टर इंजिनालाच राहिला

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, जाम झालेलं इंजिन फिरायला लागलं की गिअरबॉक्स काढू. नाही फिरलं. 1965 ची शेवरोले इम्पाला, 283 क्यूबिक इंचांचं व्ही-8, मागे पॉवरग्लाइड नावाचा दोन गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि गिअरबॉक्सचं तेल सोडून तीन आठवडे झाले, तरी क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, जागचा हलत नाही. या क्रँकच्या पुढच्या टोकाला बोल्टच नाही, थरथर शोषणारं चाक, म्हणजे बॅलन्सर, नुसता ठोकून बसवलेला. त्यामुळे पाना लावायचा कुठे? क्रँकच्या मागच्या टोकाच्या रिंग गिअरच्या दात्यांत टॉमी (लोखंडी दांडी) अडकवून जोर काढला, तर टॉमी वाकली. साध्या गिअरची गाडी असती तर टॉपला टाकून पुढेमागे ढकलली असती. इथे इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये नुसतं तेल, त्यामुळे तो उपाय बाद.

खरी अडचण कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्याची. क्रँकच्या मागच्या तबकडीला, म्हणजे फ्लेक्सप्लेटला, तो तीन बोल्टांनी बांधलेला असतो आणि खालचं कव्हर काढलं की एका वेळी एकच बोल्ट हाताला येतो. क्रँक फिरवून पुढचा आणायचा. आमचा एक सुटला, उरलेले दोन वर कुठेतरी.

म्हणून उलटं केलं. कन्व्हर्टर इंजिनालाच ठेवायचा आणि बॉक्स त्याच्यावरून मागे ओढायचा. प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, कूलरचे पाइप, व्हॅक्यूमची नळी, गिअर आणि थ्रॉटलच्या दांड्या हे सगळं अर्ध्या दिवसात निघालं. क्रॉसमेंबर, म्हणजे गिअरबॉक्स पेलणारा आडवा तुळया, काढण्याआधी इंजिनाच्या संपखाली (तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकूड ठेवून जॅक लावा. मागचा माउंट गिअरबॉक्सवरच असतो, तो गेला की इंजिन मागे झुकतं. गिअरबॉक्सची शेपूट थोडी खाली सोडून बेलहाउसिंगचे (बॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे) वरचे बोल्ट लांब एक्स्टेन्शनने काढले आणि बॉक्स पुन्हा इंजिनाच्या रेषेत आणला.

बोटभर फट पडली आणि बॉक्स अडला. भाचा पहार घेऊन तयारच होता. त्याला थांबवलं, टॉर्च मारली. वरचा एक बोल्ट डिस्ट्रिब्यूटरमागे तसाच! मीच मोजताना पाच म्हणजे सहा धरले होते. पहार मारली असती तर ॲल्युमिनियमचा कान गेला असता.

तो काढल्यावर दोघांनी बॉक्स सरळ, अजिबात लटकू न देता ओढला. वजन लटकलं तर इनपुट शाफ्टला आणि पंपाला मार बसतो. कन्व्हर्टरचा हब (मधला दांडा) बॉक्सच्या सीलमधून निसटला आणि कन्व्हर्टरमधलं तेल धो धो खाली आलं. लाल कसलं, चिंचेच्या कोळासारखं. मी खाली पाटी ठेवली होती, पण बरोबर चुकीच्या जागी.

पंपाचे दाते शाबूत आहेत, पुढचं सील मात्र कडक झालंय, ते बदलणारच. पुन्हा बसवताना कन्व्हर्टर आधी बॉक्समध्ये पूर्ण बसवायचा आणि मगच बेल इंजिनाला भिडवायची. फ्लेक्सप्लेटपाशी तीन-चार मिलिमीटर फट राहिली पाहिजे.

आता रविवारी हेड उघडतो. डावीकडच्या मागच्या सिलिंडरमधून प्लगसोबत गंजाचा भुगा आला होता, सुरुवात तिथूनच.