तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी गिटार एवढी महाग कशी?

"मॅडम, जुनी बघितली तर स्वस्तात पडेल ना?" हा प्रश्न मला वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा परीक्षा संपल्या की, आणि एकदा गणपती झाले की. ठाण्यात, चरईत माहेरच्या जुन्या जागेत मी गेली २६ वर्षं गिटारचा क्लास घेते. पूर्वी मी डोळे झाकून 'हो' म्हणायचे. हल्ली 'हो' म्हटलं की चार दिवसांनी त्याच पालकांचा परत फोन येतो. "अहो, पाच वर्षं वापरलेली गिटार आणि भाव जवळजवळ नव्याचा? हे काय चाललंय?"

प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसतो, म्हणून हे एकदाच लिहून ठेवते.

माझी पहिली गिटार मी १९९३ साली कळव्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतली, ९०० रुपयांना. कलकत्त्याला बनलेली होती. तारा इतक्या उंच, की पहिला महिनाभर डाव्या हाताने वरणभात कालवायलासुद्धा नको वाटायचं. (मी डावखुरी आहे, गिटार मात्र उजवी वाजवते. तो वेगळा विषय.) पण हिशेब सोपा होता: जुनं म्हणजे निम्मं. नव्याची किंमत विचारायची, दोनाने भागायचं, वर पन्नास-शंभर कमी करायला सांगायचं, चहा प्यायचा, गिटार रिक्षात घालायची.

तो हिशेब मोडला, कारण नव्याचीच किंमत पळायला लागली. २०११ च्या सुमारास डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, आता ८५ च्याही वर आहे. शिकाऊ मुलांच्या बहुतेक बऱ्या गिटारी इंडोनेशिया नाहीतर चीनमधून येतात, म्हणजे वस्तू तीच असली तरी आपल्याला ती दरवर्षी महागच पडते. त्यात कर. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गिटार आधी २८ टक्क्यांत जाऊन बसली, नोव्हेंबरात १८ वर आली. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना मात्र सूट होती. आमच्या घरात बाबांचा तबला करमुक्त आणि माझी गिटार चैनीची, यावरून जेवताना बरीच टोलेबाजी झाली. तर, नवी गिटार चढली की जुनी तिच्या मागोमाग जिना चढते. जुन्याचा भाव जुन्या वस्तूवरून ठरतच नाही, दुकानात टांगलेल्या नव्या वस्तूवरून ठरतो.

मग लॉकडाऊन आला. मे २०१८ मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सन या अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि गिटारचा जमाना संपला असं जो तो सांगत होता. दोनच वर्षांत चित्र फिरलं. घरात कोंडलेल्या जगाने गिटारी मागवल्या, फेंडर या दुसऱ्या मोठ्या अमेरिकन कंपनीने २०२० हे आपलं विक्रमी विक्रीचं वर्ष असल्याचं सांगितलं. कारखाने बंद, कंटेनर अडकलेले, आणि मागणी ही एवढी. ठाण्यातही तेच. माझ्या ऑनलाइन क्लासला तेव्हा ज्यांनी कधी पेटीला हात लावला नव्हता असे बँक मॅनेजर होते.

त्या गिटारी गेल्या कुठे? घोडबंदर रोडच्या टॉवरांत, कपाटामागे. आता त्या एकेक बाहेर येतायत. जुन्या वस्तूंच्या ॲपवर संध्याकाळी नजर टाका, माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत गिटारीच गिटारी. प्रत्येकीखाली लिहिलेलं असतं, 'एकदाच वाजवलेली'. जुन्या गाड्या जशा सगळ्या डॉक्टरांनीच चालवलेल्या असतात, तशा या. मुबलक माल असताना खरं तर भाव पडायला हवा. तो पडत नाही, कारण विकणाऱ्याने २०२० मध्ये चढ्या भावाने घेतलेली असते आणि ती पावती त्याच्या डोक्यातून जात नाही. तो मागतो. मिळतं का? सहसा नाही. तीच गिटार तीन महिने तिथेच असते, फोटोत मागचा पडदा फक्त बदललेला.

म्हणून मी पालकांना सांगते, मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत ठाणं ते कल्याण एवढं अंतर असतं. तुम्ही बघता तो मागितलेला.

खरोखर महाग झालंय ते वेगळंच. जुन्या जपानी बनावटीच्या इलेक्ट्रिक गिटारी, अमेरिकन माल, व्हॉल्व्हचे (बल्बसारख्या काचेच्या नळ्यांचे) ॲम्प्लिफायर, काही ठरावीक पेडल (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या डब्या). फेंडर कंपनी १९६५ साली सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली, त्याच्या आधीच्या गिटारी. गिब्सनच्या १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट रंगाच्या (मधे उजळ, कडेला गडद) 'लेस पॉल' नावाच्या इलेक्ट्रिक गिटारी, ज्या दीड हजारांच्या आसपासच बनल्या. याला संग्राहक लागतात, त्यांचा बाजार वेगळा, आपल्या गोखले रोडशी त्याचा काही संबंध नाही. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. तिकडच्या लिलावाची बातमी आली की इकडचा माळा साफ होतो.

जून २०२० मध्ये कर्ट कोबेन या दिवंगत अमेरिकन रॉक गायकाची मार्टिन कंपनीची गिटार ६० लाख डॉलरला गेली, तेव्हा नौपाड्यातल्या एका काकांनी मला बोलावून घेतलं. गिटार त्यांनी कॉलेजात असताना घेतलेली. सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती, किती पावसाळे कोण जाणे. चादर सोडली तसा खोलीभर कुबट वास. पुढची फळी ब्रिजपाशी (तारा खाली जिथे अडकवतात त्या पट्टीपाशी) फुगून पोटासारखी वर आलेली, ब्रिज मागच्या बाजूने सुटलेला, त्या फटीत माझं व्हिजिटिंग कार्ड अर्धं आत गेलं. तारा पिळायच्या किल्ल्या गंजून घट्ट.

"ऐंशी हजार तरी यावेत ना?" काका म्हणाले. "तो कोण अमेरिकेतला, त्याची बघ कितीला गेली."

"काका, पैसे त्याच्या हाताचे आले. लाकडाचे नाही."

"पण लाकूड जुनं झालं की मुरतं म्हणतात."

मुरतं, पण अखंड स्प्रूस लाकडाची फळी असेल तर. ही होती प्लाय. प्लाय मुरत नाही, फुगतं. हे काकांना सांगणं मला जड गेलं, कारण वहिनींनी तोवर पोहे केले होते. शेवटी ती गिटार त्यांनी विकली नाही. ती आता हॉलमध्ये भिंतीवर आहे आणि छान दिसते.

लाकडाचं निघालंच आहे तर शिसवीचं सांगते. २ जानेवारी २०१७ पासून 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराने शिसवीच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर परवान्याचं बंधन घातलं. गिटारच्या दांड्यावर जी काळसर पट्टी असते, जिच्यात फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) ठोकलेले असतात, ती पुष्कळदा शिसवीची, आणि त्यातली कितीतरी शिसवी आपल्या दक्षिणेतली. ज्या लाकडाच्या पाटावर आजोबा जेवायला बसायचे, तेच लाकूड परदेशात जाऊन गिटार होऊन परत यायचं आणि आपण ते डॉलरच्या भावाने घ्यायचो. बंधन आल्यावर कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली. मेक्सिकोत बनणाऱ्या फेंडरवर पाऊ फेरो नावाचं लाकूड आलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण मधल्या अडीच-तीन वर्षांत 'शिसवीवाली' हा शब्द विकणाऱ्यांच्या तोंडी बसला तो बसलाच. नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटांना त्याने काहीही फरक पडत नाही.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र मी स्वतः शहाणपण विकत घेतलं. माझ्या मामेभावाने न्यू जर्सीहून माझ्यासाठी व्हॉल्व्हचा जुना ॲम्प आणला. सामानाच्या वजनात बसावा म्हणून स्वतःचे कपडे तिकडेच टाकून आला, इतका प्रेमाने. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. पिन बदलणारा ॲडॅप्टर लावला की झालं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. बटण दाबलं, मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह क्षणभर असे उजळले की मी 'अय्या' म्हटलं, आणि मग फट्. जळक्या वार्निशचा तो वास दिवाळीपर्यंत पडद्यांना येत होता. कळव्यात एक म्हातारे रेडिओ मेकॅनिक होते. त्यांनी मागचं झाकण काढून नाकानेच निदान केलं, "ताई, ट्रान्सफॉर्मर गेलाय. बाकी जीव आहे." त्यांनी नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला, थेट २३० चा. तेव्हा व्हॉल्व्हची जोडी परवडायची. मग मार्च २०२२ मध्ये रशियाने ज्या वस्तूंची निर्यात थांबवली त्यात व्हॉल्व्ह निघाले. जगात ते बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला मोठा रशियात सारातोवला. काही काळाने माल परत सुरू झाला, भाव मात्र खाली आला नाही. त्यामुळे कोणी व्हॉल्व्हचा ॲम्प 'स्वस्तात' देत असेल तर आधी विचारा, व्हॉल्व्ह कधी बदलले आणि वीज कुठली. आणि तो लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, हेही.

तसा मुलांना तो लागतच नाही. देशी बनावटीचा लहान ॲम्प पुरे. वरच्या मजल्यावरच्या आजींना तोही जास्त होतो.

ऑक्टापॅडविषयी (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) विचारणारेही असतात, बहुतेक मंडळाची मुलं. त्यांना एकच सांगते: आषाढात घेऊ नका. आपल्याकडे जुन्या ऑक्टापॅडचा भाव डॉलरवर नाही, पंचांगावर चालतो. गणपतीला महिना राहिला की प्रत्येक बेंजो पार्टीला तो हवा असतो, नवरात्रीपर्यंत तेजी टिकते, कोजागिरीचं दूध प्यायलं की तोच माणूस स्वतःहून फोन करतो. फक्त तेव्हा पॅडच्या रबरावर गुलाल आहे का बघा. फटींत शिरलेला गुलाल निघत नाही, सेन्सरपर्यंत जातो.

मीही भावाच्या बाबतीत काही शहाणी नाही. माझ्याकडे एक जपानी इलेक्ट्रिक गिटार होती, १९७७ च्या आसपासची. त्याच साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझ या जपानी कंपनीच्या अमेरिकेतल्या वितरकावर गिटारच्या डोक्याच्या (किल्ल्यांकडच्या टोकाच्या) आकाराची नक्कल केली म्हणून दावा लावला होता, आणि तेव्हापासून त्या काळातल्या सगळ्या जपानी गिटारींना विकणारे 'लॉसूट' (म्हणजे दावा) म्हणतात, दाव्याशी संबंध असो नसो. माझीचा नव्हता. २००९ मध्ये क्लासच्या जागेची दुरुस्ती निघाली आणि मी ती ऐरोलीच्या एका मुलाला १४ हजारांना दिली. हल्ली तशाच गिटारीला ६५ हजार मागतात. मागतात म्हणजे, हो, वर मीच म्हटलं, मागितलेला भाव. तरी दोनदा त्याला फोन करून झाला. "मॅडम, विकायची नाहीये," तो अगदी नम्रपणे म्हणतो. तारा बदलायला मात्र माझ्याकडेच आणतो, आणि मी त्याच्याकडून पूर्ण पैसे घेते.

आता मूळ प्रश्न. मुलाला पहिली गिटार जुनी घ्यावी का? घ्या, पण नव्याच्या साठ टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका. त्यावर असेल तर सरळ दुकानातून नवी घ्या, निदान पावती तरी मिळेल. बघायला जाल तेव्हा गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून दांड्याकडे बघा: किंचित खोलगट असेल तर चालेल, पिळवटलेला असेल तर नको. मग खिशातून दहा रुपयांची दोन नाणी काढा. बाराव्या फ्रेटवर, सगळ्यात जाड तारेखाली, एक नाणं थोडी फट ठेवून सरकलं तर ठीक. दोन्ही एकावर एक ठेवून आरामात गेली, तर तुमचं मूल तीन आठवड्यांत 'बोटं दुखतात' म्हणून क्लास सोडणार, आणि तुम्ही म्हणणार त्याला आवड नव्हती. त्यानंतर तीच तार बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून वाजवा, मग दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. कान नसेल तर फोनवरचा ट्यूनर आहेच. ठाण्याच्या पावसात राहिलेली गिटार असेल तर भोकात नाक घालून वास घ्या. लाज वाटू देऊ नका, मी नौपाड्यात, वर्तकनगरात, वाशीला, सगळीकडे अनोळखी घरांत जाऊन नाक घातलेलं आहे.

आणि हे काही जमणार नसेल तर टोकन न देता शनिवारी पाचनंतर गिटार इकडे घेऊन या. विकणाऱ्यालाही आणलंत तरी चालेल. नाणी माझ्याकडे आहेत.